टाळू भरेपर्यंत

ईश्वरीला ‘ड’ श्रेणी मिळाली, आणि तीही नेमकी मुजावर सरांच्या विषयात. बाकी सगळीकडे ती नेहमीसारखी वरच्या पाचात होती. ज्या विषयासाठी हा कोर्स निघाला होता, त्या हृदयश्रवणात मात्र ‘ड’. निकाल फोनवर आला तेव्हा मांडीवर ओजू पेंगत होती, म्हणून तिला धड ‘अगं आई गं’ असंही म्हणता आलं नाही. नुसतं तोंड उघडलं आणि मिटलं.

ओजू तिची मुलगी. वर्षाची व्हायला थोडे दिवस बाकी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ईश्वरी मिरजेच्या त्या कॉलेजच्या वरच्या मजल्यावर सरांच्या खोलीबाहेर उभी राहिली. आत जायला तिला जरा वेळच लागला.

“बस की,” मुजावर सर म्हणाले. “रडायचं असेल तर आधी रडून घे. मग बोलू.”

“रडायला नाही आलेय, सर. पेपर परत बघा म्हणायला आलेय.”

“यात पेपर कुठाय? कानाचा विषय. कान परत बघू म्हणतेस?”

सरांच्या बोलण्यात नेहमीच असा चिमटा असायचा. त्यांचा तो हक्क सगळ्या मिरजेनं मान्य केला होता. माणूस दारातून आत आला की मुजावर सर त्याच्या छातीला नळी लावायच्या आधीच निम्मं ओळखतात, असं लोक म्हणायचे. मध्यंतरी गावोगावच्या उपकेंद्रांत हृदय तपासायची यंत्रं आली. ती भलतीच भित्री निघाली. जरा कुठं धडधड वाढली की लाल दिवा. अर्धा तालुका दवाखान्यांच्या दारात रांगा लावून उभा राहायला लागला, तेव्हा सरकारला माणसाच्या कानाची आठवण झाली. नळी लावून ऐकेल, खरं दुखणं कुठलं आणि नुसती घाबरगुंडी कुठली ते सांगेल, अशी हृदयसेविका प्रत्येक उपकेंद्रात हवी, असं ठरलं. पण असा कान तयार व्हायला उभी हयात जाते. ते काम वर्षात उरकायचं म्हणून कॉलेजनं प्रत्येकीला एक टोपी दिली होती. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं. मुली तिला निजटोपी म्हणायच्या.

दिवसभरात ऐकलेलं मेंदू गाढ झोपेत पुन्हा वाजवून बघतो, घोकतो आणि मग पक्कं करतो. निजटोपी त्या घोकण्याच्या लहरींवर पाळत ठेवायची. लहर आली की त्याच क्षणी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचे बारीक ठोके कवटीतून आत सोडायची आणि धडा खोल रुजवायची. धोक्याच्या आवाजांना ती भीतीची हलकी टाचणीही टोचून ठेवायची, म्हणजे पुढं एखाद्या कंटाळवाण्या दुपारीसुद्धा सेविकेचा कान तो आवाज निसटू देणार नाही.

“हा ऐक,” म्हणून सरांनी संगणकावर हृदयाचा एक आवाज लावला. मग दुसरा. मग तिसरा.

ईश्वरी डोळे मिटून ऐकत राहिली. “ऐकल्यासारखं वाटतंय, सर.”

“कुठं?”

“शेजारच्या घरात रेडिओ लागलाय आणि मी भिंतीच्या अलीकडं आहे, असं.”

“बरं. हृदय थकलं की तिसरा ठोका का येतो, सांग.”

ते तिनं एका दमात सांगितलं. झडपांची नावं, रक्ताची वाट, कुठला आवाज कुठं ऐकायचा, सगळं. सर मान हलवत होते, पण त्यांच्या कपाळावरची आठी काही जाईना. शेवटी त्यांनी पडदा तिच्याकडं वळवला.

“ही तुझ्या टोपीची रेघ. धडा किती रुजला ते दाखवते. अशी सुरेख रेघ मी आजवर बघितलेली नाही. टोपी म्हणते शिकून झालंय. तू म्हणतेस भिंतीपलीकडं. मग शिकलं कोण?”

ईश्वरीनं वाकून रेघेवरचं नाव बघितलं. तिचंच होतं.

“कुणाला घालायला दिलीस?”

“कुणाला देऊ सर? घरात सासू आणि लेकरू. नवरा हुबळीला रेल्वेत. तो आला की त्याला बाहेरच्या खोलीत झोपवते मी, टोपीच्या नियमासाठी. त्यावरून टोमणे खाते ते वेगळंच.”

सर हसले नाहीत. “दुसऱ्या व्यक्तीनं टोपी वापरली असं निघालं तर ‘ड’ कायम. वर्ष परत, आणि ते वसतिगृहात राहून. टोपी वॉर्डनच्या ताब्यात. तिथं मूल चालत नाही, ते तुला ठाऊक आहे.”

“ती अजून अंगावर पिते, सर.”

सरांनी पंख्याकडं बघितलं. “आठवडाभर काही लिहीत नाही मी. काय झालंय ते शोध आणि ये.”

घरी आली तेव्हा आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसल्या होत्या. पायांवर ओजू पालथी. वाटीतलं कोमट खोबरेल तिच्या टाळूवर थेंबथेंब सोडत त्या बोटांनी जिरवत होत्या.

“काय म्हणाले मास्तर?”

“विचार कर म्हणाले.”

“मार्क देत नाहीत ते असंच म्हणतात.” आत्याबाईंनी ओजूला सुलटी केली. “आणि तुझी लेक आज परत रडली बघ. खालच्या गल्लीतली शेवंता आली होती. हौसेनं घ्यायला गेली, तर हिनं तिच्या छातीला कान लावला आणि असा टाहो फोडला! शेवंताचं तोंड एवढंसं झालं. माणसं ओळखायला लागलीय गं.”

“या वयात रडतातच, आत्याबाई.”

“सगळ्यांकडं कुठं रडते? दूधवाल्याच्या कडेवर खुशाल बसती. शेजारच्या पाटण्यांच्या आजोबांकडं नाही का, दिवाळीत, काळीनिळी झाली होती?”

ईश्वरीचा हात पदरातच थांबला. पाटणे आजोबा दिवाळीनंतरच्याच आठवड्यात गेले होते. रात्री जेवून झोपले ते उठलेच नाहीत.

ओजूला तेव्हापासूनच कुणाच्याही कडेवर गेली की आधी छातीला कान लावायची खोड लागली होती. किती मायाळू पोर आहे, असं म्हणून घरात सगळे विरघळायचे. ईश्वरीही विरघळायची.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई दुपारच्या लवंडल्यावर तिनं सतरंजीवर फोन ठेवला आणि सरावाचे आवाज लावले. नवीन काहीच नव्हतं. वर्षभर ती अशीच आवाज लावून बसायची. कानात इअरफोनच्या गुंड्या घालायची सोय नव्हती, ओजू त्या ओढून तोंडात घालायची. म्हणून मग आवाज मोकळाच, आणि ओजू मांडीत.

पहिला आवाज निरोगी हृदयाचा होता. ओजू डब्याचं झाकण चाटत राहिली.

दुसऱ्या आवाजाला तिनं झाकण खाली ठेवलं. नीट ठेवलं, एरवी ती फेकायची. ती बसल्या जागी ताठ झाली. ओठांचा चंबू करून तिनं बारीक सूर काढला, दोन ठोक्यांच्या मधोमध, हलकेच चढणारा आणि उतरणारा, जणू लांबवर कुणी करवत चालवतंय. फोनमधून तोच आवाज येत होता. ईश्वरीनं फोन बंद केला. ओजूचा सूर चालूच राहिला, तीच लय, तोच चढ, तोच उतार. त्या वेळी तिच्या तोंडावर बाळपण नव्हतं. परीक्षेत उत्तर आठवून लिहिणाऱ्या मुलींचे डोळे असतात, तसे तिचे डोळे झाले होते.

“ओजू,” ईश्वरी म्हणाली. “ओजुल्या. बघ इकडं.”

ओजूनं बघितलं, पण आईकडं नाही, आईच्या छातीकडं.

तिसरा आवाज लावायला नको होता, हे तिला लावल्यावर कळलं. थकलेल्या हृदयाचा, घोड्याच्या टापांसारखा तीन ठोक्यांचा तो आवाज. ओजूनं तळहातानं सतरंजीवर तीन चापट्या मारल्या. परत तीन. परत तीन. खालचा ओठ बाहेर आला, थरथरायला लागला. मग ती रांगत आली आणि आईच्या पोटात तोंड खुपसून लपली. पाटण्यांच्या आजोबांच्या मांडीवर तिनं अशाच चापट्या मारल्या होत्या. “बघा, ताल धरतेय!” म्हणून सगळे हसले होते. ईश्वरी सगळ्यांत जास्त.

टोपीबरोबर आलेल्या सूचना तिला पाठ होत्या. एकटीनं झोपावं. डोक्याजवळ दुसरी व्यक्ती नसावी. तिनं नवऱ्याला बाहेर पाठवलं होतं, आत्याबाईंचं अंथरूण लांब केलं होतं. रात्री ओजूला मात्र दंडावर घेऊन, तिच्या टाळूला हनुवटी टेकवून ती झोपायची. नियम मोडतोय असं तिच्या मनातही कधी आलं नाही. ओजू दुसरी व्यक्ती होती कुठं?

ओजूला घेऊन ती कॉलेजात गेली. सरांनी हे ऐकलं तेव्हा ते आधी रागावले. मग त्यांनी दार लावून घेतलं आणि ओजूला टेबलावर बसवून स्वतःच आवाज लावायला सुरुवात केली, एकामागून एक, उलटसुलट, मध्येच निरोगी हृदयाचा घालून फसवत. ओजू फसली नाही. घोड्याच्या टापांना ती रडायला लागली तसे सर खुर्चीत मागं टेकले.

“या अल्ला,” ते हळूच म्हणाले. मग वर्गात विचारतात त्या आवाजात: “टाळूला तेल घालता?”

“घालतो की. आत्याबाई रोज जिरवतात. वाटीभर.”

“तान्ह्या मुलाच्या मेंदूची सोनोग्राफी कुठून करतात?”

“टाळूवरून.”

“का?”

“तिथं अजून हाड भरलेलं नसतं. ध्वनी सरळ आत जातो.”

“आणि कातडीवर आधी काय लावतात?”

“जेल. मध्ये हवेची फट राहू नये म्हणून. हवा असली की ध्वनी...” ईश्वरी थांबली.

“तेलानंही फट बुजते,” सर म्हणाले. “टोपीला माणूस दिसत नाही, पोरी. जिथून झोपेची लहर स्वच्छ येते आणि ठोका सहज आत जातो, तिकडं ती आपोआप वळते. एका बाजूला तुझ्या कवटीचं जाड हाड. वीतभर अंतरावर तेल घातलेली उघडी खिडकी. आणि झोपही कसली, तान्ह्या मुलाची. तुझ्या वाट्याला आलं ते सांडलेलं. म्हणून भिंतीपलीकडं.”

“नावं मला येतात,” ईश्वरी म्हणाली. “आवाज तिच्याकडं आहेत.”

“होय. आणि भीतीची ती टाचणीसुद्धा.”

ईश्वरीनं ओजूला टेबलावरून उचललं. वर्षभरात या पोरीला किती जणांनी उचललं असेल. आत्या, माम्या, बारशाला आलेल्या बायका, देवळातले पुजारी. प्रत्येक वेळी हिनं ऐकलं असेल. काही छात्यांत काहीतरी भयंकर आहे एवढं हिला कळत होतं, काय आहे ते कळत नव्हतं, आणि सांगायला शब्द नव्हते. ती रडायची आणि घरातले हसून तिला परत त्याच माणसाकडं द्यायचे. ‘जा गं, आजोबा आहेत, खात नाहीत.’

सर उठून खोलीत फेऱ्या मारत होते. त्यांच्या आवाजात आता वेगळीच घाई होती. “ऐक. दोन वाटा आहेत. आई आणि अंगावरचं मूल हा एकच परीक्षार्थी, असा अहवाल मी देऊ शकतो. दोघींचं मिळून उत्तर पूर्ण आहे. ‘अ’ श्रेणी, तीही भांडून मिळवीन मी. गावच्या उपकेंद्रात नेमणूक, लेक जवळ. पण मग वरून माणसं येतील बघायला. टाळू भरायला अजून काही महिने आहेत, तोवर आणखी काय काय शिकवता येईल, हे ती विचारणारच. खोटं कशाला बोलू, मलाही विचारावंसं वाटतंय.”

“आणि दुसरी वाट?”

“दुसऱ्या व्यक्तीनं टोपी वापरली, असं लिहायचं. ‘ड’. टोपी आज जमा. जूनपासून वसतिगृह.”

“टोपी थांबली तर ही विसरेल?”

“पहिल्या वर्षातलं कुणाला काही आठवतं का? ठोके थांबले की आवाज विरून जातील, असं मला वाटतं. भीती जाईल का...” सरांनी हात हलवला. “ते मला माहीत नाही.”

ईश्वरीला ‘अ’ हवा होता. खोटं कशाला, तिला तो इतका हवा होता की तिच्या डोळ्यांसमोर घराजवळचं ते उपकेंद्र आलं, कोपऱ्यात टांगलेली झोळी आली, मधल्या सुट्टीत पाजायला घेतलेली ओजू आली. एकच परीक्षार्थी. त्यात वावगं काय होतं? नऊ महिने तर होत्याच ना त्या एकच. तिची मान हो म्हणायला हललीसुद्धा असती.

“आण तिला इकडं,” सर म्हणाले. “रडवलं मी पोरीला.” आणि समजूत घालायला म्हणून त्यांनी ओजूला खांद्याशी घेतलं.

ओजूनं सवयीप्रमाणं कान टेकला.

या वेळी ती रडली नाही. गप्प झाली. मग दोन ठोक्यांच्या मधोमध तो बारीक सूर सुरू झाला, करवतीचा, चढत, उतरत. बंद खोलीत तो सूर एवढ्याशा तोंडातून येत होता आणि सरांच्या छातीशी लय धरून चालला होता. सर हलले नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. ओजूनं मूठ वळून त्यांच्या शर्टाचं बटण घट्ट पकडलं आणि आईकडं बघितलं, अगदी सरळ, पहिल्यांदाच डोळ्यांत डोळे घालून. कुणीतरी सांगा याला, असं ते बघणं होतं.

“जिने चढताना थांबावं लागतं हल्ली,” सर कोरड्या आवाजात म्हणाले. “वय म्हणत होतो. स्वतःला नळी लावायची बुद्धी झाली नाही.” मग त्यांनी खिशातला स्टेथोस्कोप काढून ईश्वरीपुढं धरला. “ऐक आणि सांग.”

ईश्वरीनं ऐकलं. नळीतून शेजारच्या घरचा रेडिओ आला, अस्पष्ट. पण ओजू सूर धरून होती. चढ कुठं, उतार कुठं, कुठल्या ठोक्यानंतर, हे तिच्या सुरात स्वच्छ होतं, आणि त्या सुराचं नाव ईश्वरीला पाठ होतं.

“महाधमनीची झडप,” ती म्हणाली. “अरुंद झालीय, सर. बरीच. हे अंगावर काढायचं दुखणं नाही.”

“बरोबर.” सरांनी ओजूला तिच्याकडं दिलं. बटण मुठीतून सोडवायला वेळ लागला. ते टेबलाशी बसले, पडदा पुढं ओढला आणि चष्मा पुसला. तो पुसून झाला तरी पुसत राहिले. “उत्तर अचूक आहे. आता हे उत्तर कुणाचं म्हणून लिहू?”

खाली आवारात मुली निकालावर बोलत, हसत चालल्या होत्या. ओजूचा सूर थांबला होता, पण ती अजून सरांच्या छातीकडंच बघत होती, आणि तिचा ओठ थरथरत होता.

“तिचं,” ईश्वरी म्हणाली.

“विचार करून बोल. जून लांब नाही.”

“ओजस्विनीचं, सर. ती दुसरी व्यक्ती आहे.” तिनं ओजूला कडेवर वर सरकवलं. “नाव मात्र लिहू नका. नुसतं ‘दुसरी व्यक्ती’ लिहा. कुणी बघायला यायला नको.”

सरांनी तेवढंच लिहिलं. मग तिच्यासमोर ‘ड’वर बोट ठेवून तो कायम केला. ईश्वरीनं पिशवीतून टोपी काढून टेबलावर ठेवली. आतल्या गादीला खोबरेलाचा वास येत होता. सरांनी ती कपाटात ठेवून कुलूप घातलं.

“शनिवारी सुट्टी असते वसतिगृहाला,” ते म्हणाले. “रविवारी संध्याकाळपर्यंत.”

“तुम्ही दवाखान्यात कधी जाताय?”

“उद्या.”

“आज जा, सर.”

सरांनी तिच्याकडं बघितलं. विद्यार्थिनीकडं बघतात तसं ते बघणं नव्हतं. “बरं,” ते म्हणाले. “आज जातो.”

जिन्यात कुणी नव्हतं. दुपारची उन्हं खिडकीच्या गजांतून पायऱ्यांवर पडली होती. ओजू दमली होती. डोळे चोळत तिनं डोकं खाली आणलं, आणि ईश्वरीनं नकळत हात आडवा घातला. तिच्या गालाखाली, आपल्या छातीवर. वर्षभर ही पोर इथंच झोपत आली होती. काही वाईट असतं तर कधीच रडली असती, हे ईश्वरीला कळत होतं. पण काल नसलेलं आज असू शकतं, हेही तिला त्याच पुस्तकांनी शिकवलं होतं.

ओजूनं तो हात बाजूला ढकलला. चिडून, जोर लावून. आणि कान टेकला.

ईश्वरी मधल्या पायरीवर थांबली. खालून कुणीतरी तिला हाक मारली, ती तिनं ऐकली नाही. श्वास रोखून ती लेकीच्या ओठांकडं बघत राहिली, ते चंबू होतात का, थरथरतात का. ओजू बराच वेळ ऐकत होती. एवढा वेळ ती कधी लावायची नाही.

मग तिनं एक लांब जांभई दिली आणि डोळे मिटले.

ईश्वरीनं अजून श्वास सोडला नव्हता.